म्हाताऱ्या कुत्र्याचा खोकला हटत नाही तेव्हा: गावात राहून तपास कसा करायचा

गावात कुत्रं खोकायला लागलं की पहिलं निदान शेजारी करतो. आमच्या भुऱ्याचंही तसंच झालं. दोन-तीनदा कोरडी ढास, मग मान खाली घालून ओकल्यासारखं करायचं आणि थोडा पांढरा फेस टाकायचा. "हाड अडकलं दिसते बाप्पा. सुकी भाकर चार त्याले, जाते खाली," असं समोरच्या घरून आलं आणि मीही दोन दिवस सुकी भाकर चारली. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस. पण सगळी नोकरी गाई-बैलांत आणि शेळ्यांत गेली. कुत्रं आमच्याकडे यायचं ते खरजेसाठी, नाहीतर गोचिडांसाठी. स्वतःच्या अकरा वर्षांच्या कुत्र्याच्या छातीत काय चाललंय हे कळायला मला पाच आठवडे लागले. त्यातले तीन फुकट गेले, आणि ते माझ्याच चुकीनं.

सात-आठ वर्षांपुढचं कुत्रं आणि दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला, ही जोडी जमली की तपास सुरू करायचा. कसा, ते क्रमानं सांगतो.

आधी बघा, थांबायला वेळ आहे का

कुत्रं बसूनच राहतं, आडवं होत नाही, पुढच्या पायांची कोपरं बाहेर फाकवून मान लांब करतं, कुशी भात्यासारख्या हलतात: यातलं काही दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि गाडी काढा. हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. निळसर, राखाडी किंवा पांढऱ्याफटक असतील तर तासांचा प्रश्न आहे. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा मुळातच काळ्या असतात. तेव्हा जीभ बघा, नाहीतर डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. चालताना एकदम कोसळलं, किंवा खोकल्यातून रक्त आलं, तरीही तेच.

फवारणीच्या हंगामात अचानक धाप लागली आणि सोबत लाळ गळतेय, अंग थरथरतंय, जुलाब होताहेत, तर हा जुना खोकला नाही. विषबाधा धरून चाला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं माणसं दगावली, ते आपण विसरलेलो नाही. पंपातलं सांडलेलं पाणी चाटलेल्या कुत्र्यालाही तेच विष भिनतं. औषधाचा डबा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरला नाव वाचता येईल.

आणि एक गोष्ट हाडाच्या संशयापायी सांगायलाच हवी. घशात काही अडकल्यासारखं करणारं, जबडा लोंबणारं, लाळ गाळणारं, आवाज बदललेलं कुत्रं पिसाळलेलंही असू शकतं. हे सारं दोन-चार दिवसांतच सुरू झालं असेल, तर तोंडात हात घालून हाड शोधायला जाऊ नका. घातलाच असेल, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा. महिनोन्‌महिने चाललेल्या खोकल्यात ही भीती नसते, पण रेबीजची लस चुकलेल्या कुत्र्याच्या बाबतीत मी आजही आधी याचाच विचार करतो.

खोकला मोबाईलवर घ्या

दवाखान्याच्या टेबलावर कुत्रं खोकत नाही. हा जणू नियमच. घरी रात्रभर ढास काढणारा भुऱ्या डॉक्टरसमोर शहाण्यासारखा बसला आणि मी हातवारे करून सांगत राहिलो. दुसऱ्या खेपेला बायकोनं काढलेला तीस सेकंदांचा व्हिडिओ दाखवला, तेव्हा कुठं बोलणं पुढं सरकलं.

व्हिडिओत पूर्ण कुत्रं दिसू द्या, नुसतं तोंड नको. छाती-पोट कसं हलतं ते दिसलं पाहिजे. खोकल्यानंतर ओकारी येते ती खरी उलटी आहे की खोकल्याचं टोक, हेही त्यातच कळतं. टोकाला फेस पडतो म्हणून आपल्याला हाड आठवतं. कधी कधी तो खोकलाही नसतो: कुत्रं ताठ उभं राहून नाकानं खर्र-खर्र हवा आत ओढतं आणि अर्ध्या मिनिटात नीट होतं. ती उलटी शिंक. बहुतेक वेळा त्यात घाबरण्यासारखं नसतं.

आवाजावरून अंदाज बांधता येतो, निदान नाही. आमच्या मेहुण्याकडे पामेरियन आहे. गळ्यातला पट्टा ओढला गेला किंवा पाहुणे आले की ते बदकासारखं "क्वॅक-क्वॅक" करतं. लहान जातींत श्वासनलिकेच्या कड्या वयानं ढिल्या पडतात आणि नळी चपटी होते, त्याचा तो आवाज. मोठ्या, म्हाताऱ्या लॅब्राडोरचं भुंकणं घोगरं होतं आणि श्वास आत घेताना घरघर येते, तेव्हा स्वरयंत्र नीट उघडत नसावं असा संशय घ्यायचा. ओला, कफाचा खोकला आणि सोबत ताप असेल तर फुप्फुसातला संसर्ग. रात्री किंवा पहाटे पडल्यापडल्या येणारी मऊ ढास आणि त्याबरोबर वाढलेला श्वास दिसला की मन हृदयाकडे जायला हवं.

झोपेतला श्वास मोजा

सगळ्या तपासात फुकट आणि सगळ्यात कामाची गोष्ट हीच. कुत्रं गाढ झोपलं की छाती वर जाऊन खाली आली, हा एक श्वास. तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. निरोगी कुत्र्याचा आकडा मिनिटाला तीसच्या खाली राहतो, बऱ्याचदा विसाच्या आसपास. दोन-तीन दिवस सलग तीसच्या वर निघाला तर डॉक्टरकडे जायचं. चाळीसच्या वर गेला तर उद्यावर टाकायचं नाही.

विदर्भात यात एक अडचण आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की दुपारी प्रत्येक कुत्रं जीभ काढून धापतं, तो आकडा कशाचाच नाही. म्हणून पहाटे चार-साडेचारला मोजायचं, अंगण गार असतं तेव्हा. स्वप्नात पाय झाडत असेल तर थांबा. मी खाटेवर पडूनच मोजायचो, भुऱ्या खाली झोपलेला असायचा. पहिल्या तीन पहाटांचे आकडे ४४, ४६, ४२. कुत्रं दिवसा शेपूट हलवत होतं, वावरात येत होतं, भाकर खात होतं. हे आकडे नसते तर मी आणखी महिनाभर "वय झालं त्याचं" म्हणत बसलो असतो.

वहीत काय लिहायचं

फार नाही. खोकला कधी येतो: रात्री, खाल्ल्यावर, पाणी प्यायल्यावर, पळाल्यावर, की धुरात. घरामागं पऱ्हाट्या-तुऱ्हाट्या पेटतात का, चूल कुठं आहे, मळणीयंत्राची धूळ कुठल्या महिन्यात उडाली. गवताला कुसळ धरलेली असताना कुत्रं धुऱ्या-बांधानं फिरलं का. नाकात गेलेलं एखादं कुसळ पार फुप्फुसापर्यंत उतरू शकतं. शेवटचं जंताचं औषध कधी दिलं, गोचीड किती, लस कोणती. भूक, वजन. पोट डमरूसारखं सुटलंय आणि पाठीचा कणा मात्र वर आलाय का, हे नक्की लिहा. पोटात पाणी साचलं की असं दिसतं आणि घरचे समजतात, कुत्रं धष्टपुष्ट झालं.

वजनाला धान्याचा काटा चालतो. कुत्र्याला घेऊन चढा, मग एकटे चढा, वजाबाकी करा.

घरात कुणाला क्षयाचं औषध चालू असेल तर तेही डॉक्टरच्या कानावर घाला. माणसाचा क्षय कुत्र्याला लागू शकतो. ही गोष्ट लोक लाजेनं लपवतात आणि तपास वेड्यासारखा भलतीकडे जातो.

तोवर काय करायचं नाही

इथं थोडं थांबतो, कारण नुकसान इथंच होतं.

बांबूच्या नळीनं बैलाला तेल पाजायची आपली सवय. तेच तेल-हळद मान वर करून कुत्र्याच्या घशात ओतलं तर ते फुप्फुसात जातं. तेल खोकल्यानं बाहेर पडत नाही, तिथंच बसतं आणि न्यूमोनिया करतं. आधीच धापणाऱ्या कुत्र्याला काहीही बळजबरीनं पाजू नका.

माणसाची गोळी नको. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही घरातल्या डब्यात सापडणारी औषधं कुत्र्याचं यकृत, जठर, मूत्रपिंड बिघडवतात. खोकल्याच्या सरबतात काय काय मिसळलेलं असतं ते आपण वाचत नाही. मी भुऱ्याला तीन आठवडे सरबतच देत होतो. ढास थोडी दबली आणि मला वाटलं, उतार पडला. आत पाणी साचतच होतं.

"एक डेक्सा मारून द्या" हे वाक्य मी नोकरीत हजारदा ऐकलं. डेक्सा म्हणजे स्टेरॉइड. त्यानं जवळजवळ कुठलाही खोकला चार दिवस कमी होतो, म्हणूनच तपासाआधी ते नको. संसर्ग असेल तर वाढतो, हृदय थकलेलं असेल तर बोजा पडतो, आणि गाठ असेल तर तिचा माग पुसला जातो.

सगळ्यात घातक म्हणजे सलाईन. कुत्रं दोन दिवस जेवलं नाही की मालकच हट्ट धरतो, "सायेब, एक बाटली लावाच." हृदय निकामी होत चाललेल्या कुत्र्याच्या फुप्फुसात आधीच पाणी उतरलेलं असतं, त्यात बाटली चढवली तर ते घरच्या घरी बुडतं. माझ्या ओळखीतल्या एका घरचं कुत्रं असंच गेलं. छाती ऐकल्याशिवाय कुणी बाटली लावत असेल तर हात जोडून नको म्हणा.

कुठं जायचं

तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना, म्हणजे आपला ढोराचा दवाखाना, ही पहिली पायरी. तिथले पशुधन विकास अधिकारी पदवीधर पशुवैद्यक असतात. छाती ऐकणं, ताप बघणं, रक्त-विष्ठेचा नमुना घेणं त्यांच्याकडे होऊ शकतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वचिकित्सालय असतं. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरतं पथक बोलावता येतं, पण त्या गाडीचा भर गाई-म्हशींवर असतो. एक्स-रे मिळेल असं गृहीत धरू नका. पुढची पायरी म्हणजे नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. ते १९५८ पासून चालू आहे. पश्चिम विदर्भवाल्यांना अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था जवळ पडते. दोन्ही शहरांत खासगी दवाखानेही आहेत. सिरोंचा-भामरागडकडच्या माणसाचा जाण्यातच दिवस जातो, म्हणून निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: कुत्र्याच्या छातीचा एक्स-रे आज होईल का, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कुठल्या दिवशी होतं, आणि उपाशी आणायचं का.

उन्हाळ्यात पहाटे निघा. गाडीत ओलं पोतं अंथरा, तोंड बांधू नका, गळ्यातला पट्टा सोडून छातीवरून दोरी घ्या. भुऱ्याला मी मालवाहू ऑटोत मागं मांडीवर टेकवून नेलं. तो वाटभर तोंड वाऱ्याकडे करून बसला होता आणि मला वाटत होतं, याला उगीचच नेतोय की काय.

टेबलावर काय होतं

चांगला डॉक्टर आधी लांबूनच श्वास बघतो. मग ताप, कुत्र्याचा साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट. आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागतं, म्हणून हातानं ठरवू नका. मग स्टेथोस्कोप. हृदयाचा वाल्व, म्हणजे झडप, नीट मिटत नसेल तर लब-डबच्या मध्ये फुसफुस ऐकू येते, तिला मर्मर म्हणतात आणि एक ते सहा असा तिचा दर्जा लावतात. दर्जा विचारून वहीत लिहा.

इथं एक खाच आहे. मर्मर सापडली म्हणजे खोकला हृदयाचाच, असं नाही. पामेरियन, डॅशहुंड अशा लहान म्हाताऱ्या कुत्र्यांत वाल्व जाड होणं फार नेहमीचं, आणि त्याच कुत्र्याला श्वासनलिकेचा जुना त्रासही असतो. कोणता त्रास खोकला काढतोय हे ठरवायला तुमचे पहाटेचे आकडे उपयोगी पडतात. आकडा वीस-बावीस आणि खोकला भरपूर, कुत्रं लठ्ठ आणि आनंदी, ठोके सावकाश आणि श्वासाबरोबर मागेपुढे होणारे, तर नळ्यांचा जुनाट दाह जास्त संभवतो. आकडा चाळीस, ठोके जलद, वजन उतरलेलं, तर हृदय.

रक्त, विष्ठा आणि डासाचा जंत

रक्तात पेशी, यकृत, मूत्रपिंड बघतात. मूत्रपिंडाचा आकडा पुढं लघवीचं औषध चालू करताना लागणारच. गोचिडांच्या तापानं रक्त उतरलेलं कुत्रंही धापतं, म्हणून काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा.

हृदयाचा जंत डासाच्या चाव्यातून येतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूला व फुप्फुसाच्या धमन्यांत राहतो. चावल्यापासून तपासणीत सापडेपर्यंत साधारण सहा महिने जातात. थेंबात वळवळणारी पिल्लं दिसली म्हणून लगेच तोच जंत असं ठरत नाही. पिसवांमधून येणारा एक निरुपद्रवी भाऊबंद अगदी तसाच दिसतो. खात्रीसाठी वेगळी किट-चाचणी असते. ती होईपर्यंत गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिनचं जोरदार इंजेक्शन नको, कारण रक्तातली पिल्लं एकदम मेली तर कुत्रं कोसळू शकतं.

खेड्यातल्या कुत्र्यात आणखी एक जंत लक्षात ठेवावा, स्पायरोसेर्का. शेणाचे गोळे लोटणारा किडा खाल्ल्यानं, किंवा असे किडे खाणारी पाल गिळल्यानं तो पोटात जातो आणि अन्ननलिकेत गाठी करतो. कुत्रं गिळलेलं न पचता परत टाकतं, झिजतं, खोकतं. काही वेळा त्या गाठीचा कर्करोगही होतो. हाडाच्या संशयाला खरं उत्तर कधी कधी इथं निघतं.

छातीचा फोटो

याशिवाय तपास पुरा होत नाही. पैसे मोजकेच असतील तर इतर काही राहू द्या, पण हा करा. एका कुशीवरचा आणि एक वरून, असे किमान दोन. कर्करोगाचा संशय असेल तर दोन्ही कुशींवरचे. खालच्या बाजूचं फुप्फुस दबतं आणि त्यातली गाठ लपते. फोटो श्वास पूर्ण आत घेतलेला असताना यायला हवा, नाहीतर चांगलं फुप्फुसही पांढुरकं दिसतं.

हृदयाची लांबी आणि रुंदी पाठीच्या मणक्यांवर मोजून बेरीज करतात. साधारण साडेआठ ते साडेदहा मणके हा नेहमीचा पल्ला. जातीप्रमाणे थोडा फरक पडतो. भुऱ्याचं बारा भरलं. डॉक्टर पोरगेलेसे होते; त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं: "काका, ही श्वासनलिका बघा, कण्याकडे उचलली गेलीय. खालून हृदय ढकलतंय तिला." आणि हृदयाच्या मागं, जिथं काळं दिसायला हवं, तिथं ढगाळ पांढरं. ते पाणी.

धापणाऱ्या कुत्र्याला फोटोसाठी पाठीवर उताणं टाकू देऊ नका. आधी ऑक्सिजन, लघवीचं इंजेक्शन, अर्धा तास शांतता, फोटो नंतर.

मग इको. वाल्व बिघडलाय की हृदयाचा स्नायूच पातळ होऊन पसरलाय, हे त्यात दिसतं. भुऱ्याचं दुसरं निघालं. छातीत किंवा पोटात पाणी असेल तर सुईनं काढून तेही तपासतात, आणि काढल्याबरोबर कुत्र्याला मोकळं वाटतं.

औषध देऊन बघणं हाही तपासच

जिथं इको नाही तिथं डॉक्टर फ्रुसेमाइड, म्हणजे लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारं औषध, सुरू करून आकडा बघतात. मात्रा त्यांनीच वजनावर ठरवायची. खोकला किती कमी झाला यापेक्षा पहाटेचा श्वास किती उतरला ते बघा. भुऱ्याचा तिसऱ्या पहाटे २८ झाला, आठवड्यानं २४. उतरलाच नसता तर हृदयाचा संशय सोडून परत फुप्फुसाकडे वळावं लागलं असतं. या औषधानं तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. घर खराब होतं म्हणून पाणी तोडू नका. आठ-पंधरा दिवसांनी मूत्रपिंडाचं रक्त परत तपासायचं.

सोबत पिमोबेंडन हे हृदयाचं औषध दिलं तर ते उपाशीपोटी, जेवणाच्या तासभर आधी, बारा-बारा तासांनी. वरणातलं मीठ, पापड, सुकी मासळी बंद. नळ्यांचाच दाह निघाला तर उपाय निराळे: वजन उतरवणं, गळ्यात पट्टा न बांधणं, चुलीपासून दूर झोपवणं आणि लागलं तर लहान मुलांच्या मास्कमधून ओढायचं औषध.

भुऱ्याच्या आकड्यांचा कागद आता दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला अडकवलेला आहे. रोज नाही, आठवड्यातून दोनदा लिहितो. चार श्वास वाढले की दुसऱ्या दिवशी परत मोजतो. पिमोबेंडन आमच्या तालुक्यात मिळत नाही, नागपूरहून मागवावं लागतं. म्हणून मृग लागायच्या आधीच महिन्याच्या गोळ्या डब्यात भरून ठेवतो, कारण नाल्याला पूर आला की आमचा रस्ता दोन-दोन दिवस बंद असतो.